रात्री घंटा वाजली तर कोण येते?

गेल्या जुलैतली गोष्ट. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात मावशीला भेटायला गेलो होतो. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून ती तिथल्या एका 'असिस्टेड लिव्हिंग' केंद्रात आहे. तीन मजली बंगला, 28 खाटा, दारात तुळशीवृंदावन, फाटकावर हसऱ्या आजी-आजोबांचा फ्लेक्स. भेटीची वेळ सातपर्यंतच; पण त्या संध्याकाळी पावसाने रस्ता बंद केला आणि साडेदहापर्यंत मला तिथेच थांबावे लागले. चार महिने जी जागा मी दिवसाउजेडी पाहत होतो, तिची रात्र तेव्हा प्रथम पाहिली.

दिवसा तिथे मॅनेजरबाई असतात, फिजिओथेरपिस्ट येऊन जातो, स्वयंपाकघरात दोघी, प्रत्येक मजल्यावर मुली. रात्री साऱ्या इमारतीला मिळून दोन मुली. त्यांतली एक वाशीम जिल्ह्यातली, वय फार तर 22. मावशीच्या खोलीत चार खाटा आणि प्रत्येक उशाशी घंटेची दोरी. चारही दोऱ्या गुंडाळून वर पडद्याच्या दांडीला बांधून ठेवलेल्या. खाटेवरच्या कुणाचाही हात तिथवर पोचणार नव्हता. मी विचारले तेव्हा त्या मुलीने काहीच लपवले नाही. "सारख्या वाजवतात, सर. दहाजणी बेडरिडन आहेत. एकीचं डायपर बदलून, कूस बदलून होईपर्यंत दुसरीची वेळ होते. घंटा वाजली तरी जाणार कोण?"

तिचे गणित मी घरी येऊन मांडून पाहिले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते; नाहीतर माकडहाड, खुबा, टाच इथली कातडी दबून आधी काळवंडते आणि मग फाटते. जड अंगाच्या माणसाला वळवायला दोघी लागतात. डायपर पाहणे, पाठ पुसणे, चादरीची चुणी काढणे, दोन घोट पाणी पाजणे धरले तर एकीला दहा मिनिटे, म्हणजे दहाजणींची शंभर. दर 120 मिनिटांतली 100 मिनिटे इथेच संपली. उरलेल्या 20 मिनिटांत बाकीचे 18 जण: लघवीला उठणारे, साखर उतरून घामाघूम होणारे, 'घरी जायचंय' म्हणत दार शोधणारे. त्या मुलींनी मधे क्षणभर टेकायचेही नाही. असे बारा तास कोण काढू शकेल? म्हणून दोऱ्या वर जातात.

या केंद्राने मावशीला जे दिले, तेही इतक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याआधी ती आपल्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. मुलगा आणि सून मँचेस्टरला. ब्यूरोकडून आणलेली चोवीस तासांची बाई दर दीड-दोन महिन्यांनी बदलायची. त्यांतली एक गावी गेली ती परतलीच नाही. त्या आठवड्यात मावशी रात्री बाथरूममध्ये पडली आणि सकाळी दूधवाल्याने शेजाऱ्यांना उठवीपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली. केंद्रात आल्यावर तिचे वजन चार किलोंनी वाढले. गोळ्या वेळेवर मिळू लागल्या. वॉकर धरून ती व्हरांड्यापर्यंत चालू लागली. दुपारी पाच-तीन-दोनचा डाव रंगतो, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर गुरुवारी अभंग म्हणतात. फोनवर तिच्या आवाजात पुन्हा धार आली, ती माझ्या चुका काढू लागली, तेव्हा मला हायसे वाटले. चार भिंतींत गप्प बसलेल्या बाईला या जागेने पुन्हा माणसांत आणले.

तेव्हा 'आईबापांना घरीच सांभाळा, हे सगळे थोतांड बंद करा' असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. 'घरीच सांभाळा' या वाक्यातले काम प्रत्यक्षात कोण करते, हे आपण सगळे जाणतो. ते सुनेने किंवा लग्न न झालेल्या मुलीने करायचे, नोकरी सोडून, स्वतःची पाठ मोडून, आणि त्याचे नाव कर्तव्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा प्रजननदर 1.7 आहे. एका जोडप्यावर चार म्हातारी माणसे, ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे सुमारे 1 कोटी 11 लाख लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे 2050 पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल. देशव्यापी 'लासी' अभ्यासातून निघालेला अंदाज असा, की साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला चोवीस तास डोळ्यांपुढे ठेवावे लागते. एका घरातल्या एका बाईने ते वर्षानुवर्षे करावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. अशी केंद्रे लागणार आहेत, आजच्यापेक्षा कितीतरी जास्त लागणार आहेत.

म्हणूनच धोक्याची घंटा आज वाजवायला हवी. गरज इतकी मोठी, ग्राहक इतका अगतिक आणि लक्ष ठेवणारे कुणीच नाही, अशा ठिकाणी धंदा कोणत्या दिशेने जातो हे वेगळे सांगायला नको.

आपण पन्नास वर्षे दुसऱ्याच प्रश्नावर भांडत राहिलो. 'नटसम्राट' पाहून रडलो, 'संध्याछाया' पाहून रडलो आणि घरी येताना मुले वाईट की काळ वाईट, यावर बोललो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'ने स्मृतिभ्रंश झालेल्या एका संस्कृत पंडिताची गोष्ट सांगताना, अशा माणसाला सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे जवळून दाखवले. पण तोवर आपली सवय पक्की झाली होती. आईला 'तिकडे ठेवणे' बरोबर की चूक, एवढाच आपला वाद. ठेवल्यावर तिथे रात्री काय होते, हा प्रश्न सभ्य घरात विचारायचाच नाही, असे होऊन बसले आहे.

या लाजेचा फायदा कुणाला होतो, ते पाहा. दोऱ्यांबद्दल मी मॅनेजरबाईंशी बोललो. त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "तुमची घरी सोय होत असेल तर आमची काही हरकत नाही." ठेवणाऱ्याच्या मनात आधीच अपराधाची भावना असते. तक्रार केली तर आईला परत न्यावे लागेल. न्यायला घर रिकामे, बाई मिळत नाही, रजा शिल्लक नाही. त्यामुळे मुलगा रविवारी येतो, मिठाईचा पुडा देतो, गालावरून हात फिरवतो आणि चादर उचलून टाच पाहत नाही. दिसले तर काहीतरी करावे लागेल, म्हणून पाहत नाही. आणि आई? मावशीला मी दोरीबद्दल विचारले. ती आधी दाराकडे पाहून मग म्हणाली, "छान आहे रे सगळं. त्या पोरींना रात्री कशाला उठवायचं?" आयुष्यभर कुणाला त्रास द्यायचा नाही, असे वळण लागलेली ही पिढी. तिच्या तोंडून तक्रार येईल आणि मग आपण हलू, अशी वाट पाहत बसलो तर काहीच कळणार नाही.

कळते ते आग लागल्यावर किंवा छापा पडल्यावर. 1 जानेवारी 2023 च्या पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातल्या ज्येष्ठांच्या एका केंद्राला आग लागली आणि दोन वृद्ध स्त्रिया दगावल्या. जून 2025 मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगाने छापा घातला. 39 वृद्ध अत्यंत वाईट अवस्थेत सापडले. एका वृद्धेचे हात बांधलेले होते. महाराष्ट्राने 2021 साली भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीत दहा तान्ही बाळे गमावली, त्याच वर्षी विरार आणि नगर इथल्या रुग्णालयांतही रुग्ण होरपळले. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी हा निदान चर्चेचा विषय झाला. पण राहत्या सोसायटीतला बंगला भाड्याने घेऊन, वरच्या मजल्यावर उठू न शकणारी बारा माणसे ठेवली, तर त्यांना जिन्यावरून खाली कोण आणणार? दोन मुली?

कायदा काय म्हणतो? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा 2007 चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या 19 व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधारांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम सरकार स्थापू शकेल. शब्द 'स्थापू शकेल' असा आहे, 'स्थापलाच पाहिजे' असा नाही. आणि तोही निराधारांपुरता. पैसे मोजून राहणाऱ्यांच्या केंद्रांवर देखरेख कुणाची, यावर तो फारसे बोलत नाही. ही उणीव दिल्लीच्या लक्षात आली नव्हती असेही नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात काळजी-केंद्रांची नोंदणी, किमान दर्जा, घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांवर नियंत्रण, हे सगळे होते. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि 2024 मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते विरून गेले. साडेचार वर्षे! त्या काळात अशा किती बंगल्यांवर पाट्या चढल्या असतील.

महाराष्ट्रात एक पाऊल पडले, त्याची नोंद घेतली पाहिजे. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले: लिफ्ट, व्हीलचेअर सहज जाईल अशी दारे आणि मार्ग, न घसरणाऱ्या फरशा, आधाराचे कठडे. चांगले झाले. पण रेरा विटांचे आणि विक्रीचे नियमन करते. दार किती रुंद असावे हे ठरले. त्या दारातून रात्री तीन वाजता कुणी आत यावे, हे ठरलेले नाही.

आणि खरे दुखणे इथेच आहे. ही केंद्रे जाहिरातीत सांगतात, 'चोवीस तास वैद्यकीय देखरेख'. नोंदणीचा विषय निघाला की म्हणतात, 'आम्ही रुग्णालय नाही, ज्येष्ठांचे घर आहोत.' नळीने जेवणारा, लघवीची पिशवी लावलेला, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला माणूस ज्या घरात ठेवतात, ते कसले घर? महाराष्ट्रात 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. आजार किंवा इजा झालेल्यांबरोबरच दुर्बल झालेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा, असा अर्थ त्याच्या व्याख्येतच आहे. दुर्बलता हा शब्द पाऊणशे वर्षांपूर्वीच्या माणसांना सुचला होता. 2021 मध्ये या कायद्याचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणेही सक्तीचे झाले. मग जिथे अंथरुणाला खिळलेली माणसे ठेवली जातात आणि त्यांची शुश्रूषा होते, ती प्रत्येक जागा या कायद्याखाली येते, असा स्पष्ट आदेश आरोग्य खात्याने काढायला अडचण कसली? नवे प्राधिकरण नको, नवी इमारत नको, नवा अध्यक्ष तर नकोच.

मावशीच्या केंद्राचा करारनामा मी उशिरा, पण पूर्ण वाचला. अकरा पाने. त्यांतली बहुतेक पैशांबद्दल: डिपॉझिट, ते परत मिळण्याच्या अटी, दरवर्षीची वाढ, डायपर आणि औषधांचे वेगळे बिल. पडून इजा झाल्यास केंद्र जबाबदार नाही, असे एक कलम. प्रकृती 'केंद्राच्या क्षमतेबाहेर' खालावल्यास 48 तासांत हलवावे, असे दुसरे. म्हणजे ज्या दिवसाच्या भीतीने माणूस इथे येतो, नेमक्या त्याच दिवशी त्याला दार दाखवायची सोय. रात्री किती जण हजर असतील, याबद्दल अकरा पानांत एक ओळ नाही. मी सही करताना हे पाहिले नव्हते. खुब्याचे ऑपरेशन झालेली मावशी रुग्णालयात, डिस्चार्जचा कागद हातात, आणि भाच्याने करार वाचत बसायचे? कुणीच बसत नाही.

मावशीचा मुलगा ज्या देशात राहतो तिथे 'केअर क्वालिटी कमिशन' नावाची संस्था इंग्लंडमधल्या प्रत्येक काळजी-केंद्राची तपासणी करते. उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी, अपुरे, अशा चार प्रती लावते आणि अहवाल सर्वांना वाचायला खुला ठेवते. तिथली केंद्रे स्वर्ग आहेत असे नाही. तिथेही भयंकर प्रकार उघडकीला आले आहेत. पण उघडकीला येतात. आपल्या एखाद्या इंग्रज शेजाऱ्याच्या आईसाठी जागा शोधायची झाली तर माझा मावसभाऊ तो अहवाल फोनवर पाच मिनिटांत वाचू शकतो. स्वतःच्या आईसाठी त्याच्याकडे होते ते गूगलवरचे तारे आणि फ्लेक्सवरचे फोटो.

रात्रीच्या गोळीबद्दल बोललेच पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री फिरतो, हाका मारतो, दारे वाजवतो. दोन मुलींनी तीन मजले सांभाळायचे असतील तर झोपेची गोळी हाच पहारेकरी होतो. गोळी कुणी लिहिली, किती दिवसांसाठी, पुन्हा कधी तपासली, हे विचारा. गुंगीत असलेला माणूस पडतो, त्याच्या घशात घास अडकतो, तो कूस बदलत नाही. त्याच्याकडून तक्रार येत नाही, म्हणून भेटीला आलेल्यांना सगळे शांत वाटते.

या सगळ्याचा राग त्या वाशीमच्या मुलीवर काढणे सोपे आहे. तिला बारा तासांचे सहाशे रुपये मिळतात. तिचे सगळे शिक्षण म्हणजे आधीच्या मुलीबरोबर काढलेले दोन दिवस. तरीही दहाजणींपैकी कुणाला कोणत्या कुशीवर ठेवले आहे, हे तिच्या तोंडपाठ होते आणि पार्किन्सन्सच्या एका आजींना ती दूध चमच्याने, थांबत थांबत पाजत होती, हनुवटी खाली करून, ठसका लागू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवले नव्हते. एकदा ठसका लागलेला तिने पाहिला होता. या कामाला अभ्यासक्रम हवा, प्रमाणपत्र हवे, किमान वेतन हवे. रुग्णालयातल्या परिचारिकेला समाजात जागा मिळायला किती दशके लागली. या मुलींची अजून सुरुवातही नाही. आपण त्यांना 'बाई' म्हणतो आणि चार महिन्यांत त्यांचे नाव विसरतो.

पैशाचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. मावशीची फी महिन्याला 38 हजार रुपये आहे. मुलाच्या पौंडांमुळे ती जमते. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपये आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500. मुलांकडून न्यायाधिकरणाने मिळवून द्यायच्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा 2007 च्या कायद्यात 10 हजार लिहिली आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे कवच मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. हाड जोडायचे पैसे मिळतात, त्यानंतरच्या पाच वर्षांच्या आधाराचे मिळत नाहीत. जपानने 2000 साली दीर्घकालीन काळजीचा विमा सुरू केला आणि चाळिशीपासून प्रत्येकाकडून वर्गणी घ्यायला लागला. आपण म्हातारे होण्याआधी श्रीमंत होणार नाही, हे दिसत असताना ती चर्चाही आपल्या विधिमंडळात होत नाही. फी परवडत नाही ते कमी पैशांत ठेवणाऱ्या जागेकडे जातात, आणि कमी पैशांत ठेवायचे म्हणजे रात्रीची एक मुलगी आणखी कमी.

नियम आले की इन्स्पेक्टर येईल, पाकीट येईल, एखाद्या निवृत्त सिस्टरने जिव्हाळ्याने चालवलेले आठ खाटांचे घर बंद पडेल आणि मोठ्या कंपन्या तेवढ्या उरतील, ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली. ती खोटी नाही. म्हणून नियम थोडे असावेत आणि मोजता येतील असे असावेत. रात्री दर किती माणसांमागे किती मदतनीस, हा पहिला. कोण पडले, कुणाला बेडसोर झाला, कोण गेले, याची वही आणि ती पाहण्याचा नातेवाइकांना हक्क, हा दुसरा. डिपॉझिट वेगळ्या खात्यात. आणि वर्षातून एकदा तरी न सांगता, रात्री अकरानंतर तपासणी, तिचा अहवाल मराठीत, फाटकावर. लहान घरांना तयारीला दोन वर्षे द्या, जिथे चालवणारे प्रामाणिक पण कफल्लक आहेत तिथे पालिकेने पाणीपट्टी-मिळकतकर सोडावा. पण रात्रीच्या माणसांच्या संख्येत सूट नको. येत्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला एखाद्या आमदाराने एवढेच विचारावे: आपल्या जिल्ह्यात अशा किती खाटा आहेत? मला खात्री आहे, सरकारकडे हा आकडा नसेल.

हे सगळे आपसांत मिटवता येईल, असे मला जुलैत वाटत होते. मी नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट केला. मॅनेजरबाईंनी हिशेब मांडला: रात्रीला तिसरी मुलगी ठेवायची तर महिन्याला 18 हजार, म्हणजे प्रत्येक कुटुंबामागे साडेसहाशे रुपये. 28 पैकी 11 कुटुंबांनी नकार दिला. त्यांतल्या दोघांनी लिहिले की त्यांच्या आईला रात्री काही लागतच नाही. बाकीच्यांनी दोन महिने जास्तीचे पैसे भरले, तिसऱ्या महिन्यात कुरकुर सुरू झाली. ती तिसरी मुलगी दिवाळीला गावी गेली, तिच्या जागी दुसरी घेतली नाही.

परवा गेलो होतो. मावशी बरी आहे, पत्त्यांत जिंकल्याचे सांगत होती. दोऱ्या वर दांडीला बांधलेल्या आहेत.